संधी सोडवा

बागवे सर रजेवर, म्हणून सातवी ब-चे दोन तास
एकाला एक जोडून माझ्या वाट्याला आले :
तिसरा मराठीचा, चौथा इतिहासाचा,
आणि शाळेची घंटा दिवाळीपासून बिघडलेली.
हुसेनभाई रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारतात,
तो आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचतो तेव्हा
निम्म्या वर्गाला वाटतं, बंदरात कंटेनर आपटला.

फळ्यावर लिहिलं : विद्या + आलय = विद्यालय.
दोन स्वर शेजारी आले की एकमेकांत मिसळतात,
त्याला म्हणतात संधी.
"संधी म्हणजे चान्स ना?" दुर्वासने विचारलं.
चान्सही. तहही.
सगळ्यांनी उतरवून घेतलं, खाली रेघ मारली.
पट्टी नसलेल्यांनी डब्याच्या झाकणाने मारली.

लवकुश निषादचा हात वर.
हा घरी भोजपुरी बोलतो, गल्लीत हिंदी,
आणि माझ्याशी अशी मराठी की
'पाणी'ला कधी 'तो' म्हणतो, कधी 'ती',
'ते' म्हणायची वेळ आली की खाली बघतो.
"टीचर, आ दोन होते. एकच राहिला.
दुसरा कुठे गेला?"
मिसळला रे.
"म्हणजे आत आहे?"
आत आहे.
"मग दिसत का नाय?"
मी म्हटलं, पुढचं लिही. सूर्य + अस्त.
बत्तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही कुणाला विचारलं नव्हतं.

चौथा तास.
नकाशाची वरची काठी तुटलेली, म्हणून खिळ्याऐवजी
प्रणिता आणि दुर्वास दोन टोकांना धरून उभे,
दुर्वासच्या अंगठ्याखाली अख्खा कुलाबा.
धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव,
परळ, वरळी, माहीम. आणि अंगठा काढ, तो कुलाबा.
सात बेटं. अनेकवचन.
मग टेकड्या फोडल्या, बांध घातले, खाड्या बुजवल्या,
आणि हळूहळू एकवचन झालं.
हे वाक्य माझं. पुस्तकात नाही.
आपण बसलोय ती शिवडी परळच्या बेटावर. इथे.
खिडकीबाहेर तेलाच्या टाक्या,
टाक्यांपलीकडे खारफुटी, गुडघाभर चिखलात,
अजून कुठल्याच वचनात न बसलेली.

"टीचर, ही पण संधी?"
वर्ग हसला.
"मग मधला पाणी कुठे गेला?"
मधलं पाणी. कुठे गेलं. ते पाणी.
"कुठे गेलं?"
मी खडू शोधत होते, तेवढ्यात प्रणिता,
नकाशा न सोडता, जरा चिडूनच :
"जातंय कुठे! आमच्याकडे येतं.
मोठी भरती असली की मोरीतून वर.
आई पलंगाखाली विटा लावते.
बाबा भिंतीवर खूण करतात, तारीख घालून.
यंदाची खूण स्विचबोर्डाला टेकली."

इतिहासाची साधने तीन : लिखित, भौतिक, मौखिक.
परवाच शिकवली होती.
ती भिंत कुठल्या खान्यात घालायची, ठरेना.
हुसेनभाईंनी रूळ वाजवला.

सहामाहीत प्रश्न तिसरा, अ. संधी सोडवा. प्रत्येकी एक गुण.
विद्यालय =
निषादचं उत्तर, गोल अक्षरात, खाडाखोड न करता :
विद्या + पाणी + आलय.

शून्य दिला. खोडला.
अर्धा दिला. तोही खोडला.
बागवे सर चहा पिता पिता म्हणाले, पोरगं टवाळ आहे.
असेल.
समासात लिहिलं : तोंडीला विचारेन.

तोंडीला तो आला, शर्ट खोचून, केसांना तेल.
विचारायचं होतं वेगळंच.
विचारलं, पाणी, लिंग कोणतं?
खाली बघितलं नाही.
"ते," म्हणाला. "ते पाणी.
टीचर, ते आत आहे."

मी पुढचा रोल नंबर पुकारला,
आणि त्याच्या रकान्यात काय मांडलं
ते अजून बागवे सरांना दाखवलेलं नाही.