ओरखडे

सामना संपला की मी यंत्र बाहेर काढतो.
एकवीस वर्षं हेच काम.
पातं वरचा थर तासतं, मागून ऊन पाणी सांडतं,
आणि पोरांनी तासभर ओढलेले ओरखडे
दहा मिनिटांत नाहीसे.
लोक म्हणतात, बोहदानसारखा बर्फ
अख्ख्या सॅस्कॅचवानात कुणाचा नाही.

घरीही मी तेच करायचो.
"कसं चाललंय, लेव्को?"
"ठीक."
त्या एका शब्दावरून यंत्र फिरवून
मी जेवायला बसायचो.

सतरा वर्षांचा. डाव्या बाजूने खेळायचा.
आईच्या बोर्श्टमधले बटाटे तेवढे वेचायचा,
बीट बशीच्या काठाला.
शेवटच्या हिवाळ्यात बटाटेही राहू लागले.
मी म्हटलं, वय आहे.

फेब्रुवारीत पुरलं त्याला.
जमीन अशी गोठलेली, की खणण्याआधी
दोन दिवस तिला ऊब द्यावी लागली.
मी तिथे उभा राहून
जमिनीला ऊब देताना पाहत होतो.

स्टेफानिया महिनाभर बोलली नाही.
मग एके सकाळी म्हणाली,
"अपघात म्हणू नकोस कुणाला.
खरं सांग."

मार्चमध्ये सामना ठेवला त्याच्या नावाने.
पोरांनी काठ्यांना हिरवी पट्टी गुंडाळली,
चर्चच्या बायकांनी पेरोगी विकले,
कॉफीच्या डब्यांत नोटा जमल्या.
माझ्या हातात माइक आला.
माणसांकडे बघवेना, म्हणून बर्फाकडे बघत म्हटलं,
"माझा मुलगा आजारी होता. मनाने.
मी विचारायचो त्याला,
पण उत्तरासाठी थांबायचो नाही."
पुढचं आठवत नाही.
समोरच्या संघाचा गोलरक्षक
मुखवटा न काढताच रडत होता, एवढं दिसलं.

त्या पैशांतून दर गुरुवारी
सॅस्काटूनहून जोसलिन येते, समुपदेशक.
स्केटना धार लावायच्या खोलीत दोन खुर्च्या टाकल्यात.
पहिल्या गुरुवारी कुणी नाही.
दुसऱ्याही. ती मोजा विणत बसली.
तिसऱ्या गुरुवारी ब्रेडन आला, स्केट काखेत.
"धार लावायचीय."
अंगठा फिरवून पाहिला. धार मीच लावलेली, आदल्या दिवशी.
मी ब्र काढला नाही.
दार दाखवलं.
पाऊण तास आत होता.
धारेच्या यंत्राचा आवाज काही आला नाही.

सामना संपला की अजूनही बर्फ तासतो मी,
पोट आहे.
पण आता आधी कठड्याशी उभा राहतो जरा वेळ,
ओरखडे बघत:
कोण कुठे वळला, कोण कुठे आपटला,
कोण एकटाच त्या कोपऱ्यात
गोल गोल फिरत राहिला.

मग चावी खिशात टाकून
पोरांच्या खोलीच्या दाराशी जातो, विचारतो.
"ठीक," कुणीतरी म्हणतं, बुटाची नाडी सोडवत.
मी बाकावर टेकतो.
सावकाश सांग, म्हणतो.
पाणी तापायला वेळ आहे अजून.