न जाणारा गेज

नागदेवी स्ट्रीटला अकराच्या आत पोचायचं,
हातगाड्या आडव्या पडायच्या आधी.
भाऊंनी एवढंच सांगितलं आणि चिठ्ठी दिली.
पेन्सिलीचं अक्षर, वेलांट्या थरथरलेल्या.

पेचकस सहा. पातं शेवटपर्यंत एका जाडीचं. पाचर नको.
'पाचर नको'च्या खाली दोन रेघा.

त्या रेघा मला कळतात.
बाजारातला साधा पेचकस टोकाला निमुळता,
खाचेत वरवर बसतो, जोर दिला की उसळतो
आणि स्क्रूच्या माथ्यावर आपली सही करून जातो.
दुरुस्तीला आलेली बंदूक भाऊ लगेच उघडत नसत.
भिंग लावून नुसते स्क्रू बघायचे.
"हिला कोणीतरी हात लावलाय.
घाईत होता. जेवायची वेळ असावी."

मुर्तझाभाईंनी डझनभर पेचकस काचेवर मांडले.
मी पर्समधून एक जुना स्क्रू काढला, चिमट्यात धरला,
एकेकाचं पातं त्याच्या खाचेत उभं केलं
आणि हात सोडला.
पडला तो बाद.
चार उभे राहिले.
"बेन, सहा पाहिजेत ना?"
चारच द्या. दोन मी घरी घासून घेईन.

स्विस कानशी नखावर ओढून पाहिल्या.
चांगली कानस बोचत नाही, नुसती धरते.
मायक्रोमीटर जपानी, भाव न करता.
माझा एक केस मोजला: सात शतांश.
मुर्तझाभाईंनी दाढीतला पांढरा उपटून पुढे केला.
अकरा.
ते उगाच खूश झाले.

चिठ्ठीतली शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली.
न जाणारा गेज, बारा बोअर.
"हा इथे नाही. कोणी मागतच नाही.
आत जात नाही, त्याचे पैसे कोण देणार?"

माझगावच्या बाप्टिस्टा मिस्त्रीने लेथवर काढून दिला,
पाणी देऊन, नऊ दिवसांनी.
अंगठ्याएवढं लकाकतं पोलाद.
ते बंदुकीच्या घरात ठेवायचं आणि बंदूक मिटून बघायची.
तिने मिटता कामा नये.
मिटली तर घर झिजलं म्हणायचं, आणि तिला परत पाठवायची.

दुकानाच्या पाटीवर 'तारापोर अँड सन्स'.
सन्स कधी झालेच नाहीत. भाऊ होते.
आता मी; लायसन्स नावावर व्हायला अडीच वर्षं गेली.
बँकेच्या रखवालदारांच्या दुनळ्या येतात,
निवडणुकीत ठाण्यात जमा होऊन गंजलेल्या,
वरळीच्या रेंजवरच्या मुली येतात, घोडा जड लागतो म्हणून.

ब्याण्णवच्या डिसेंबरात शटर अर्धं खाली होतं.
दोन माणसं वाकून आत आली.
एक आमच्याच चाळीतला, कागद सगळे चोख,
बंदुकीची पिन तेवढी तुटलेली.
"आज पाहिजे, पांचाळ."
भाऊंनी नळी उजेडात धरली, खूप वेळ.
"पिन मिळत नाही. दोन महिने लागतील."
मी नऊ वर्षांची, स्टुलावर.
पिना तपकिरीच्या डबीत होत्या, डबी माझ्या गुडघ्याशी.
म्हटलं, "भाऊ, डबीत..."
आणि टेबलाखाली त्यांचा पाय
माझ्या पायावर आला.
चप्पल नव्हती. त्यांचा नव्हे, माझा पाय उघडा होता.
अंगठ्याचं नख महिनाभर काळं.

आज गेज त्यांच्या हातात दिला.
हात थरथरत होता, पण पोलाद हातात आलं
तसा थोडा थांबला.
बाकावरच्या दुनळीत त्यांनी तो ठेवला, मिटायला गेले.
केसभर फट राहिली.
पुन्हा. पुन्हा फट.

त्यांनी चिठ्ठी मागून घेतली,
शेवटच्या ओळीपुढे खूण केली.
पेचकस बघितलेच नाहीत.
म्हणाले, ते उद्या.