नवले पुलाचा आकडा

नमुना चारशे बारा. शकुंतला चोरघे, वेल्हे.
जांभळ्या टोपणाची नळी, आत चार मिलीलीटर सकाळ.

वारज्याच्या लॅबमध्ये पेटी उघडली
तर बर्फाचं पाणी झालेलं.
नौशाद म्हणाला, ताई, नवले पुलावर कंटेनर आडवा झालेला,
दोन तास जागचा हललो नाही.
माझं डोकं तापलंय, पेटीचं काय घेऊन बसलात!

कॉर्टिसॉल चिवट.
डिकीत विसरा, संध्याकाळी हजर.
एसीटीएचचं तसं नाही.
बर्फ सुटला की पाय न वाजवता निघून जातं,
आणि मशीन काय,
रिकाम्या खोलीचंही माप देतं.

दिलंच. सहा.
देखणा आकडा, दशांशासकट.
या सहावर डॉक्टर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीवर बोट ठेवतील,
मग पोटाचं स्कॅन, वेल्ह्याहून तीन खेपा,
एखादं गळ्यातलं गहाण.
आणि हा सहा बाईंचा की पुलाचा
हे छापायला रिपोर्टात रकाना नाही.

अडवला मी तो.
फोन लावला: काकू, उद्या इकडेच या, वारज्याला.
आठच्या आत. रक्त परत घ्यावं लागेल.
पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज.
"माझ्या रक्तात काही निघालं का गं?"
नाही काकू, आमच्या पेटीत निघालं.

हसल्या.
मग पहिली एसटी कितीची, ती रोज किती उशिरा येते,
सगळं मलाच सांगत बसल्या.

जाताना फ्रीजर उघडून बर्फाच्या लाद्या मोजल्या.
सात. त्यातली एक
वितळून पुन्हा गोठलेली, वाकडी.