रुमालाखाली

मुलाखतीत बाईंनी विचारलं असावं, पेशंटनं हाक मारली तर?
असावं म्हणते, कारण बोलताना त्या पेन ओठांशी धरतात.
मी अंदाजानं सांगितलं,
हाक मारायची वेळ मी येऊ देणार नाही.
तिघांपैकी एकानं मान हलवली.
त्या एका मानेवर माझं नाव यादीत आलं,
सगळ्यांत खाली, शेजारी लाल शाईत : ऐकू येत नाही.

मग मिरज. सतारीच्या दुकानांची गल्ली,
दोरीला टांगलेले वाळके भोपळे.
जाता-येता मी एकाला तरी हात लावतेच.
दुकानदार हल्ली ओरडत नाही.
किंवा ओरडत असेल.

मास्क चढले की माणसं संपतात.
थिएटरात नुसत्या भुवया उरतात,
तीच माझी दुसरी बाराखडी.
हर्षदा सिस्टरांची डावी वर गेली, की चिमटा.
दोन्ही गेल्या, की मी चुकले.

बीपी घेताना बाकीच्या मुली
डोळे बारीक करून ठोका ऐकतात.
मी मनगटावर बोटं ठेवून थांबते.
पट्टा सैल होत जातो आणि नाडी परत येते
दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठीसारखी.
हा वरचा आकडा.
खालचा मला सापडत नाही, तो प्रणोती सांगते.
पहिलं वर्षभर विचारायला लाजले.
आता नुसती तिची बाही ओढते.

कॉट नंबर चौदा. बिरू पुकळे, वय एकाहत्तर,
बैलांचे दलाल, मुक्काम खरसुंडीजवळ.
तंबाखूनं स्वरयंत्र नेलं, गळ्याला भोक.
तीन दिवस त्यांचे ओठ चाललेले.
वॉर्ड म्हणायचा, आजोबा नामस्मरण करतात.
मी पाणी बदलायला गेले आणि वाचलं.
स्मरण होतं, पण देवाचं नव्हतं,
राउंडला येणाऱ्या डॉक्टरांच्या सात पिढ्यांचं होतं,
एकेका पिढीला वेगळी शिवी.
मला हसू आवरेना. ट्रे हलला.
म्हातारा एकदम थांबला,
आणि खोंडाचे दात बघावेत
तसं माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

रात्री नऊला विचारायचं असतं, दहापैकी किती दुखतंय?
लिहून दाखवा म्हणावं, तर त्यांना अक्षर येत नाही.
त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला
आणि आत माझी बोटं धरली.
पन्नास वर्षं खिलारी जोड्यांचे भाव असेच फुटले नाहीत,
भर बाजारात, शेजारी उभ्या माणसाला न कळता.
आधी पाचही बोटं आवळली. सोडली. मग दोन.
सात.
मी सात लिहिलं, सिस्टरांना दाखवलं, इंजेक्शन झालं.
अर्ध्या तासानं पुन्हा टॉवेल : चार.
मी भुवई उडवली, नक्की?
त्यांनी चारच दाबले, जरा जोरात,
दिलेला शब्द फिरवत नसतो, असे.

त्यानंतर ते दुसऱ्या कुणाला आकडा देईनात.
दिवसपाळीच्या मुली वैतागल्या.
मी प्रणोतीला टॉवेलखाली शिकवलं,
तिचा हात गुदगुल्यांनी सुटायचा.

डिस्चार्जच्या सकाळी नातू जीप घेऊन आला.
पिशवी, गोळ्या, नळी धुवायचा ब्रश,
मी सगळं दोनदा समजावून दिलं.
म्हाताऱ्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं
आणि टॉवेल टाकला.
एक बोट. मग सगळी मूठ, दोन वेळा.
मग तळहातावर अंगठा घासला, आडवा.
हा आकडा मला येत नव्हता.
नातू बघत होता, त्यालाही आत काय झालं कळलं नाही.
मी विचारायच्या आत टॉवेल पुन्हा खांद्यावर गेला.

दुखण्याच्या रकान्यात त्या दिवशी
मी एक रेघ मारली. सिस्टरांची डावी वर गेली,
उजवी नाही.

पौषात खरसुंडीला यात्रा भरते म्हणे, जनावरांची.
सुट्टी मिळाली तर जाईन.
कुठल्या तरी दलालासमोर उभी राहीन,
हात पुढे करीन.
रुमाल त्याचा.