बावीस हात सुंभ

बंदूक घ्यायला मी सुंभ घेऊन गेलो.
वासराच्या गळ्यातलं सोडलं,
ओट्यापासून कोठाराच्या दारापर्यंत ताणलं,
बावीस हात भरले तिथे गाठ मारली.
चोडणची फेरीबोट, रायबंदरचा धक्का,
मग पणजीत बाजारामागची गल्ली.
बसमध्ये शेजारच्या बाईने पिशवीतलं वेटोळं पाहिलं.
"विहिरीला?"
"उंदरांना," मी म्हटलं.
ती जरा सरकून बसली.

दुकानदार इनासियो, चष्मा कपाळावर.
"कितीची दाखवू?"
"बावीस."
त्याने कपाटातून जाड नळीची काढली.
"पॉइंट बावीस. घूससुद्धा आडवी होईल."
"बावीस हात," म्हणत
मी सुंभ काउंटरवर ठेवलं.

एक टोक त्याने धरलं, दुसरं घेऊन मी मागे चालत गेलो.
दुकान संपलं आठ हातांत.
पायरी उतरलो,
बांगडेवालीच्या टोपलीवरून सुंभ गेलं, ती ओरडली,
एक स्कूटर थांबली,
आणि गाठ हाताला लागली तेव्हा मी
समोरच्या बेकरीच्या दारात पाठमोरा,
पावांच्या उबेत.
तिकडून इनासियो ओरडला,
"एवढंच? मग महागातली कशाला घेतोस?"

महागातली होती अठ्ठावीस हजारांची,
हवा भरून ठेवायची. काळी, गुळगुळीत,
सोबत पंप, पंपाला घड्याळ.
तिची सेवा करायला एक गडी ठेवावा लागला असता.
दुर्बिणीची एक होती.
कोठारात दिवा नाही, दुर्बिणीतून
अंधारच जवळ आला असता.

घेतली ती साडेसहा हजारांची,
नळी मोडून भरायची,
जुन्या दारासारखी कुरकुरणारी.
छर्रा बारीक. "जाड छर्रा उंदरातून जाईल,
कुडातून जाईल," इनासियो म्हणाला,
"मग शेजाऱ्याच्या डुकराला तू काय सांगणार?
आणि चिऱ्याच्या भिंतीवर नेम धरू नको.
छर्रा परत येतो. डोळा येत नाही."
छर्ऱ्यांची एक डबी त्याने फुकट दिली.
सुंभ मात्र स्वतः गुंडाळून दिलं,
आमच्यापेक्षा नीट.

घरी प्रेमावती ओट्यावर बसलेली, हातात काठी.
मोकळं वासरू दुपारी तरव्यात शिरलं होतं.
सहा वाफे पेरलेले, दोन साफ.
महिन्याभरात उंदरांनी एवढं खाल्लं नव्हतं.
"दाखव बंदूक," ती म्हणाली.
मी आधी सुंभ दाखवलं.

रात्री टॉर्चवर लाल कागद बांधला,
शेजारच्या नाताळच्या नक्षत्रातला उरलेला.
पोत्यांमागे, भिंतीलगत, पेंढा रचला.
खाली मानशीच्या फळ्यांवर भरती थापटत होती.
बाप म्हणायचा, बांधाला एक बीळ पुरे,
आधी करंगळीएवढं पाणी,
पहाटे शेतभर मीठ.
तो रात्री कंदील घेऊन बिळांत चिखल कोंबत फिरायचा.
माझ्याकडे बांधासाठी काही नव्हतं.
माझ्याकडे बावीस हात होते.

कोरगुटाच्या पोत्यावर दोन ठिपके उजळले.
श्वास धरला, चाप ओढला.
ठिपके गेले.
पोत्यातून भात गळू लागलं,
बारीक आवाजात, पुष्कळ वेळ.
ते खायला मग चौघे आले.

तिसऱ्या रात्री एक मिळाला.
शेपटीला धरून उचलला तर वजनच नाही,
मिशांना कोंडा.
इतके दिवस मी ह्याला केवढा मोठा केला होता.
प्रेमावतीने डबीतले छर्रे मोजले:
एकोणीस कमी.
ती काही बोलली नाही, पोतं शिवायला बसली.

सुंभ आता वासराच्या गळ्यात आहे.
गाठ सोडवायची राहिली.
संध्याकाळी ते ताणून ताणून कोठाराच्या दाराशी येतं,
पुढे येत नाही,
तिथे उभं राहून आत बघत राहतं.