भाड्यापोटी बारा टॉवेल

सव्वानऊला बाजार उघडला
तेव्हा मी नळापाशी होते.
पाचव्या दिवशी पाणी आलेलं.
एका हातात पाइप, एका हातात फोन.
टाकी चढत होती, आकडे उतरत होते,
लाल, सगळे लाल,
गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यासारखे पोटात खड्डा पाडत,
फक्त वर जाणारी बाजू दिसत नव्हती.

अकरा वर्षांची साठवण.
सिव्हिलमध्ये केसपेपर लिहून बोटाला पडलेला घट्टा
आणि दर सात तारखेला
आधीच बाजूला काढलेले तीन हजार.
आधी ते, मग किराणा.
अंबुबाई म्हणायची, सोनं घे गं,
निदान गळ्यात घालून लग्नाला तरी जाशील.
तोट्यातला शेअर
कुणाच्या लग्नात मिरवू?

दुपारी साखर पेठेतल्या गाळ्याचा भाडेकरू आला,
इरप्पा हत्तरकी, टेरी टॉवेलचं पॅकिंग.
चप्पल काढावी की नको
यातच उंबऱ्यावर दोन मिनिटं गेली.
"मॅडम, बाहेरची ऑर्डर थांबलीय.
बारा माग होते, चारच चालतेत.
या महिन्याचं अर्धं देतो.
उरलेल्याचं..."
आणि पिशवी पुढं केली.
बारा टॉवेल, पिस्ता रंगाचे,
कोपऱ्यात कुठल्याशा परदेशी हॉटेलचं नाव विणलेलं,
जे आता त्या हॉटेललाही नको होतं.

मी मनातल्या मनात हिशेब केला, सवयीनं.
गाळा रिकामा झाला तर सहा महिने तरी तसाच.
घरपट्टी थांबत नाही
आणि कबुतरं भाडं देत नाहीत.
इरप्पा नऊ वर्षं, एकही महिना न चुकवता.
म्हटलं, वर्षभर दोन हजार कमी दे.
पण वेळेवर दे.
तो कानडीत काहीतरी म्हणाला,
मला नाही, दाराच्या चौकटीला.

अप्पा गिरणीत जॉबर.
तार तुटली की माग थांबवायचे,
थुंकी लावलेलं बोट, चिमटीत गाठ,
पुन्हा खटखट सुरू.
"तार तुटली म्हणून मागाला नावं ठेवू नये, पोरी."
हे वाक्य मी फार वर्षं वापरलं,
पडत्या बाजारात तर
जेवणानंतरच्या गोळीसारखं.

पण याच अप्पांनी
गिरणीचे चाळीस शेअर
लग्नपत्रिकेसारख्या वेलबुट्टीच्या कागदावरचे
उशीच्या अभ्र्यात एकवीस वर्षं सांभाळले.
भोंगा बंद झाला तरी.
दिवाळीनंतर उघडेल. नवं सरकार येऊ दे, उघडेल.
चिमणीवर पिंपळ उगवला,
तेव्हाही म्हणाले, पाया मजबूत असल्याशिवाय का.

तार तुटते तेव्हा
आणि गिरणी बंद पडते तेव्हा
आवाज सारखाच थांबतो.
हे त्यांनी शिकवलं नाही.
त्यांना तरी कुठं कळलं होतं.

म्हणून रात्री गच्चीवर,
दिवसभर प्यालेलं ऊन भिंती परत टाकत होत्या तेव्हा,
एकेका कंपनीचा ताळेबंद उघडला.
चष्मा, वही, कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी.
जिचं कर्ज कमाईच्या वर गेलेलं
ती सकाळी विकायची ठरवली, तोट्यात.
वहीत तिच्या नावावर काट मारताना
हात थरथरला, खोटं कशाला बोलू.
पाच ठेवल्या.
त्यातली एक का ठेवली, ते अजून सांगता येत नाही.

उद्या सात तारीख.
तीन हजार जातील.

खाली आले. पिशवीतला वरचा टॉवेल उलगडला.
कडेची एक तार लोंबत होती,
ओढली असती तर काठच हातात आला असता.
सुई सापडली, रंगाचा दोरा नाही सापडला.
पांढऱ्यानंच चार टाके घातले.
हॉटेलच्या नावातलं एक अक्षर
जरा वाकडं बसलं.

दोन अंबुबाईला देईन.
पंधरवड्यात तिच्या नातीचं लग्न आहे.