पिठाच्या रेघा

गिरणीच्या फळीवर खडूनं लिहिलेलं आहे अजून:
गुरुवार-शुक्रवार गिरणी बंद. अमरावतीला जाणे आहे.
सोमवारपासून पुसायचं म्हणतो.
हात वर जातो, पंख्याचं बटण दाबून परत येतो.

सोमवारीच संपलं सगळं, यवतमाळला,
पहिल्याच मॅचमध्ये.
पोट्ट्यांचे डबेसुद्धा उघडायचे होते.
चार-तीन. शेवटची इनिंग. दोन आऊट.
राठोडांची सेजल तिसऱ्या बेसवर वाकलेली,
एक पाय गादीवर, एक घराकडे.
सॉफ्टबॉलमध्ये घर म्हणजे
मातीत बसवलेली पाच कोनांची पांढरी फळी.
साठ फूट.
माझ्या गिरणीपासून हातपंप याहून लांब आहे.
बॅट मयुरीच्या हातात.
चेंडू आला, पिकल्या लिंबाच्या रंगाचा,
आणि मागच्या पोरीच्या ग्लोव्हमध्ये असा वाजला
जसं ओलं गोणपाट कुणी भिंतीवर आपटावं.

एसटीत दारव्ह्यापर्यंत कुणी बोललं नाही.
सेजल सीटच्या कडेला बसली होती,
निघायच्या तयारीत.

"तुमची पोरगी होती का टीममंदी?" कंडक्टरनं विचारलं.
नाही.
"भाची?"
नाही.
"मंग?"
मंग काय.
मी सुटे पैसे मोजत राहिलो.

गावंडे सरांकडे फक्कीला पैसे नव्हते, तीन वर्षांपूर्वी.
मी म्हटलं, गिरणीतलं उडालेलं पीठ न्या,
ज्वारी, गहू, बेसन,
साऱ्या गावाचं एकमेकांत मिसळलेलं.
तेव्हापासून शाळेमागच्या काळ्या मातीत
शंकरपाळ्याच्या आकाराचं ते मैदान मीच आखतो.
नियमात दोनच रेघा आहेत, सर सांगून थकले.
मी चारही ओढतो. पीठ पुरतं.
आधी मला वाटायचं, विटीदांडूच आहे हा, कपडे घालून आलेला.
स्ट्राइक म्हणजे काय, ते आचल मडावीनं शिकवलं,
दळणाच्या रांगेत, डब्यावर बसून,
एका लसणाच्या गड्ड्यानं.

बायको म्हणाली, "मयत झाल्यावानी काऊन बसले?
तेरा दिवस धरता का आता?"
हसलो मी.
मग कॅलेंडर दिसलं.
विभाग, राज्य, लाल पेनानं गोल केलेल्या तारखा.
एकीखाली आता नुसती चतुर्थी आहे,
एकीखाली सिलिंडर.

हरण्याचं एवढं नाही, खरं सांगतो.
हरणं एका सकाळीत उरकतं.
पण मी स्वेटर उन्हात टाकला होता,
पहाटेच्या गाडीची वेळ विचारून ठेवली होती,
पुढचे दोन महिने
आधीच थोडे थोडे जगून घेतले होते.
ते आता कुठं ठेवू?

आज गुरुवार. गिरणी उघडी आहे.
कुणी आलं नाही.
फळीवर विश्वास ठेवून गावानं बुधवारीच दळून नेलं.
चिमण्या आत येऊन जात्याभोवती टिपतात,
पट्टा गप्प आहे म्हणून.

दुपारी आचल आली,
गव्हाचा डबा डाव्या खांद्यावर.
उजव्याला बामचा वास.
"तुले कसं मालूम, मी हाओ म्हणून?"
"तुमी कुठी जासान, काका?
आमीच तं नाई गेलो."

पुढच्या वर्षी, असं म्हणायला तोंड उघडलं.
ती आधीच म्हणाली,
"मले सतरा पुरे होतेत डिसेंबरात."
मी मोटार सुरू केली.
त्या आवाजात कुणाला बोलावं लागत नाही.
पैसे घेतले नाहीत, तर तिनं ते तराजूत ठेवले
आणि गेली.

संध्याकाळी शाळेमागं चक्कर टाकली.
रेघांना मुंग्या लागल्यात.
पहिल्या बेसकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे,
घाई नाही, कुणी आऊट देत नाही.
तिसऱ्यापासून घरापर्यंतची रेघ
त्यांनी सगळ्यांत आधी संपवली आहे.